याकचा वारसा आणि हॅस्केलचा हॅपी

बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात 'याक' हे जे साधन सिद्ध केले, ते व्याकरणाचे नियम वाचून त्याबरहुकूम पार्सर लिहून देई. परंतु तो पार्सर सी भाषेतला असल्यामुळे त्याचा कारभार ग्लोबल व्हेरिएबलांवर आणि नाना प्रकारची मूल्ये एकाच 'युनियन'मध्ये ठेवण्याच्या तजविजीवर चाले. ज्या भाषांत एकदा ठरलेले मूल्य सहसा बदलत नाही, त्या फंक्शनल भाषांसाठी हीच विद्या योजावयाची, तर पार्सरचे तक्ते रचण्याचे गणित तसेच ठेवून बाहेर पडणाऱ्या कोडची घडण मात्र मुळापासून पालटावी लागते.

अँडी गिल व सायमन मार्लो यांच्या 'हॅपी'ने हॅस्केलसाठी नेमके हेच साधले. त्यात पार्सरच्या प्रत्येक अवस्थेचे स्वतंत्र फंक्शन होऊ शकते, स्टॅक हे त्या फंक्शनांच्या हाती सोपवायचे मूल्य ठरते, आणि त्रुटींची दखल घेण्याचे काम मोनॅडकडे सुपूर्द करता येते. बेरजेच्या नियमापुढे महिरपी कंसात 'प्लस $१ $३' एवढे लिहिले, की पहिल्या व तिसऱ्या घटकांतून नवा वृक्ष उभा राहतो. टाइप जुळला नाही, तर कम्पायलर तो तेथेच नामंजूर करतो.

नवशिक्यांनी एक पथ्य पाळावे: यादीचा नियम लेफ्ट रिकर्शनने लिहावा, म्हणजे यादी कितीही लांबली तरी स्टॅक वाढत नाही, मात्र यादी उलट क्रमाने हाती येत असल्यामुळे अखेरीस 'रिव्हर्स' लावणे क्रमप्राप्त ठरते.

ओकॅमल या दुसऱ्या फंक्शनल भाषेच्या गोटात याच कामासाठी फ्रांस्वा पोतिये व यान रेजिस-जानास यांचा 'मेनिर' प्रतिष्ठित असून, २०१९ च्या ४.०८ आवृत्तीपासून खुद्द ओकॅमलच्या कम्पायलरनेच त्याचा अंगीकार केला आहे.