तासाला २१ हजार किलोमीटर

पाठीमागे फुगवटा असलेला, दोघांनी मिळून उचलायचा जुना एकवीस इंची रंगीत टीव्ही घ्या. त्याला टीव्ही गेम जोडा, कॅसेट खोचा आणि ‘कॉन्ट्रा’ सुरू करा. पडद्यावर सैनिक पळू लागतो, गोळ्या सुटतात. प्रत्यक्षात कुठल्याही एका क्षणी तिथे फक्त प्रकाशाचा एक ठिपका असतो. तो डावीकडून उजवीकडे रेघ ओढतो, परत येतो, खालची रेघ ओढतो. आपल्याकडच्या ‘पाल’ या प्रक्षेपण पद्धतीत एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद मिळतात. परतीचा वेळ वजा केला की प्रत्यक्ष रेघेसाठी उरतात ५२. दिसणाऱ्या पडद्याची रुंदी सुमारे ४० सेंटिमीटर. भागाकार केला तर ठिपक्याचा वेग येतो सेकंदाला ७.७ किलोमीटर, म्हणजे ताशी २८ हजार किलोमीटर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृथ्वीभोवती जवळपास याच वेगाने फिरते.

आता या रेघा एकापुढे एक जोडून बघू. टीव्ही सेकंदाला १५,६२५ रेघांची वेळ मोजतो. चित्राबाहेर जाणाऱ्या सोडल्या, तर १४,३७५ रेघा पडद्यावर उमटतात. त्यांची एकत्र लांबी ५.८ किलोमीटर. मिनिटाला साडेतीनशे किलोमीटर म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून मुंबई. तासाला २१ हजार किलोमीटर. दिवाळीच्या सुट्टीत भावंडे दोन तास खेळत बसली, तर तेवढ्यात त्या ठिपक्याने पृथ्वीच्या विषुववृत्ताला एक वेढा पूर्ण केलेला असे. एवढी धाव घरातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर.

जुने व्हिडिओ गेम आणि जुने घरगुती संगणक जमवण्याचा छंद आता आपल्याकडेही रुजतो आहे. बहुतेक जण सुरुवात गेमच्या डब्यापासून करतात, कॅसेटी शोधतात, पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या वायरी जमवतात. माझे म्हणणे असे की सुरुवात टीव्हीपासून करावी. ते खेळ या पडद्यासाठी, या वेगाच्या हिशेबाने लिहिलेले होते. डबा आणि टीव्ही मिळून यंत्र पुरे होते. आणि या यंत्राचा मोठा अर्धा भाग आपल्या छत्रपती संभाजीनगर शहराने प्रचंड संख्येने बनवला.

पैठण रस्त्यावर चितेगाव लागते. नंदलाल माधवलाल धूत यांच्या कुटुंबाने उभ्या केलेल्या व्हिडिओकॉनचा कारखाना तिथला. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी सुरू झाले आणि त्या दशकाच्या मध्याला जपानच्या तोशिबा कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने व्हिडिओकॉनचे रंगीत टीव्ही बाजारात आले. पुढे कंपनीने काच बनवण्यापासून टीव्हीच्या पेटीपर्यंत सगळे हाती घेतले. पिक्चर ट्यूबची काच गुजरातेत भरूचला तयार होऊ लागली. २००५ मध्ये तर या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा सगळा धंदा विकत घेतला. त्यात पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने आले. चितेगावचा पत्ता असलेली कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या पिक्चर ट्यूब उत्पादकांत जाऊन बसली.

ही पिक्चर ट्यूब म्हणजे काय प्रकरण आहे, तेही आकड्यांत बघण्यासारखे आहे. आतली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे बाहेरची हवा काचेवर दाब देते. आपले शहर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर. इथे दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास एक किलो भार पडतो. एकवीस इंची पडद्याच्या नुसत्या दर्शनी काचेवरचा भार भरतो सुमारे १,२०० किलो. त्यावर आपण क्रोशाचा रुमाल घालत होतो, शोभेच्या वस्तू मांडत होतो आणि आत टनावर वजन पेलत ती काच वर्षानुवर्षे उभी होती.

घरातली वीज २३० व्होल्टची. टीव्हीच्या आत तिचे २५ हजार व्होल्टच्या आसपास केले जातात. विजेच्या या दाबाने ट्यूबच्या मानेतून सुटलेले इलेक्ट्रॉन पडद्याकडे निघतात सेकंदाला ९० हजार किलोमीटर वेगाने. प्रकाशाच्या वेगाच्या ३० टक्के! लाल, हिरव्या, निळ्या रंगांसाठी तीन झोत असतात. काचेमागे काही लाख बारीक छिद्रांची पातळ धातूची जाळी असते आणि प्रत्येक झोताने त्या छिद्रांतून आपापल्याच रंगाच्या कणावर पडायचे असते. सेकंदाला ५० वेळा सगळा पडदा वरपासून खालपर्यंत असा रंगवून होतो.

आता त्या पडद्याला जोडलेल्या डब्यात बघू. तिथे आकडे उलट्या दिशेने चक्रावून टाकतात.

निन्टेन्डोचा फॅमिली कॉम्प्युटर १९८३ मध्ये जपानात आला. आपल्या घरांत पोचल्या त्या त्याच्या नकला. कुणाकडे लिटल मास्टर, कुणाकडे आणखी कुठली. या डब्याची काम करायची स्मृती होती २ किलोबाइट, म्हणजे २,०४८ बाइट. आजच्या संगणकात देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. २,०४८ बाइटांत शंभरेक मराठी शब्द मावतील. मामाचा व्हॉट्सॲपवरचा मध्यम लांबीचा निरोप, एवढीच जागा. त्यात मारिओ कुठे आहे, त्याची उडी किती उंच गेली, समोरचे कासव कुठल्या दिशेला चालले आहे, नाणी किती, वेळ किती उरला, हे सगळे ठेवायचे. ८ जीबी स्मृतीच्या मोबाइलमध्ये अशा ४२ लाख डब्यांची स्मृती मावते.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा खेळ. ८ जगे, प्रत्येकात ४ टप्पे, एकूण ३२ टप्पे. शिवाय संगीत, चित्रे, शत्रू, गुप्त वाटा. सगळे मिळून ४० किलोबाइट. तुम्ही वाचता आहात तो हा लेखच संगणकात २५-३० किलोबाइट जागा घेईल. म्हणजे लेखाची लांबी दीडपट केली की मारिओचे सगळे राज्य तेवढ्या जागेत बसते. मोबाइलवर काढलेला ४ एमबीचा एक फोटो म्हणजे शंभर मारिओ. काटकसर कुठवर, तर त्या खेळातले ढग आणि झुडपे एकच चित्र आहे. फक्त रंग वेगळा. एकदा कळले की ते दर वेळी दिसते आणि दर वेळी आनंद देते.

त्याहून जुना अटारी २६०० हा १९७७ चा. त्याची स्मृती १२८ बाइट, म्हणजे देवनागरीत ४२ चिन्हे. या लेखातली अर्धी-पाऊण ओळ. चित्र साठवायला जागाच नव्हती. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्या धावत्या ठिपक्याच्या जोडीने काम करावे लागे. एका रेघेच्या काळात प्रोसेसरचे ठोके पडत ७६. एका साध्या आज्ञेला दोन ते सात ठोके लागतात. तेवढ्या वीस-पंचवीस आज्ञांत या रेघेत काय दिसायचे ते ठरवायचे, कारण पुढची रेघ थांबत नाही. आपल्याकडच्या डब्यांतही ठोक्यांचा हिशेब असाच होता. सेकंदाला सुमारे पावणेअठरा लाख ठोके, म्हणजे पडद्याच्या एका फेरीला ३५ हजार. माणसाने बोटाने एक बटण दाबून सोडेपर्यंत या यंत्राने अनेक फेऱ्या पुऱ्या केलेल्या असत. त्यामुळे खेळणाऱ्याला वाटे, बटण दाबले आणि त्याच क्षणी उडी पडली.

कॅसेटींवरचे आकडेही आठवत असतील. ‘९९९९९९९ इन १’. प्रत्यक्षात खेळ मोजकेच असत आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने किंवा वेगळ्या टप्प्यापासून यादीत येत. पण तो आकडा खरा मानून पाहू. प्रत्येक खेळ एकच मिनिट खेळला, न झोपता, न जेवता, तरी सगळे संपायला १९ वर्षे लागली असती. पहिलीत सुरू केलेला मुलगा पदवी घेऊनही अजून यादीतच असता.

घरगुती संगणकांची गोष्ट आणखी वेगळी. ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रमची अधिकृत भारतीय आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने आणली. स्मृती ४८ किलोबाइट, पडदा म्हणून घरचाच टीव्ही, आणि प्रोग्रॅम ठेवायला गाण्यांची टेप वाजवणारा कॅसेट प्लेयर. प्रोग्रॅम चढताना टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे नाचत आणि स्पीकरमधून कर्कश चिरका आवाज येई. तो आवाज म्हणजेच प्रोग्रॅम. वेग सेकंदाला सुमारे १,५०० बिट, म्हणून पूर्ण ४८ किलोबाइट चढायला चार-साडेचार मिनिटे. मध्ये टेप अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. आजचा १०० जीबीचा एखादा खेळ याच वेगाने चढवायचा म्हटला तर टेप १७ वर्षे अखंड वाजवावी लागेल. साठ मिनिटांच्या जवळजवळ दीड लाख कॅसेटी लागतील आणि त्यांची फीत उलगडली तर १२,७०० किलोमीटर भरेल, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाएवढी.

सर्वांत मोठा आकडा मात्र सर्वांत छोट्या जागेतून आला. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांत संगणक शिकवण्यासाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. त्यासाठी निवडला तो बीबीसी मायक्रो, ३२ किलोबाइट स्मृतीचा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन तरुणांनी त्याच यंत्रासाठी लिहिलेला ‘एलिट’ हा खेळ बाजारात आला. अंतराळयान घेऊन ताऱ्याताऱ्यांत व्यापार करायचा. ताऱ्यांची नावे, जागा, तिथले राज्य, तिथले भाव साठवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी काहीच साठवले नाही. तीन संख्या घेतल्या आणि एका ठरावीक गणिताने त्यांतून पुढची, तिच्यातून तिच्या पुढची संख्या काढत गेले. प्रत्येक संख्येतून एक तारा, त्याचे नाव, त्याचा बाजार. कितीही वेळा गणित करा, विश्व तेच निघते. तीन संख्यांना जागा लागते ६ बाइट. ‘नभ’ हा शब्द साठवायलाही ६ बाइटच लागतात.

या ६ बाइटांतून निघू शकणाऱ्या आकाशगंगा किती? २८१ लाख कोटी. सेकंदाला एक बघत गेलो तर ८९ लाख वर्षे लागतील. एवढा आकडा दिला तर खेळणाऱ्याला सगळे सारखेच वाटू लागेल, असे प्रकाशकांचे म्हणणे पडले. मग ८ आकाशगंगा ठेवल्या, प्रत्येकीत २५६ तारे, एकूण २,०४८. त्या काळात एवढेही कुणी पाहिले नव्हते.

हे सगळे खेळ आज मोबाइलवरही चालवता येतात, मग जुन्या टीव्हीचा हट्ट कशाला? ‘डक हंट’ या बदके टिपायच्या खेळाची बंदूक हातात घ्या, उत्तर मिळते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्या फेरीत बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड शोधतो. हे सगळे २० मिलिसेकंदांच्या एकेका फेरीत होते. सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर प्रक्रिया करतो, त्यात काही फेऱ्या निघून जातात. शिवाय बंदुकीला हवी असलेली ठिपक्याची ती धावती झळाळी तिथे नसतेच. नेम अगदी बरोबर धरला तरी बदक उडून जाते.

आणि ही ट्यूब आता नव्याने बनत नाही. जगात मोठ्या प्रमाणावर पिक्चर ट्यूब बनवत राहिलेल्या शेवटच्या मोजक्या कंपन्यांत व्हिडिओकॉन होती. २०१८ मध्ये कंपनीचे दिवाळखोरीचे प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले. रविवारी आठवडी बाजारात किंवा एखाद्या भंगाराच्या दुकानात जो डबा टीव्ही दिसतो, तो मोडला की जगातला एक पडदा कमीच होतो. काचेत शिसे असते, म्हणून तो फोडणे जमिनीला आणि फोडणाऱ्यालाही वाईट. भंगारात त्याला फारसा भाव नाही. छंद असणाऱ्याला मात्र त्याची किंमत कळते.

म्हणून माझे सांगणे अगदी साधे आहे. माळ्यावर, गोदामात, शाळेच्या अडगळीत असा टीव्ही असेल तर देऊन टाकण्याआधी तो चालतो का ते पाहा. पाठ उघडू नका. बंद टीव्हीतही विजेचा जीवघेणा दाब साठून राहतो, ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिकचेच. उचलताना दोघांनी उचला, काचेची बाजू छातीशी धरा. चालत असेल तर गेम जमवणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्या. आणि ज्या शहरालगत हे टीव्ही बनले त्या शहराच्या एखाद्या महाविद्यालयात वा संग्रहालयात, चितेगावात बनलेला एक टीव्ही चालू स्थितीत, गेम जोडलेला, मुलांना हात लावू देणारा असा ठेवायला हवा. २० हजार तास चाललेल्या एकवीस इंची टीव्हीने ४२ कोटी किलोमीटर रेघ ओढलेली असते. सूर्यापर्यंत जाऊन परत येऊन, पुन्हा सूर्याच्या वाटेवर बरेच पुढे गेल्याएवढी. इतका प्रवास केलेले आणि अजूनही चालणारे यंत्र किलोच्या भावाने जाऊ देऊ नये.