सौंसरचा समुद्र

जुन्या मराठी मंडळींना पांढुर्णे आठवते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे आणि सौंसर आठवते ते जामसावळीच्या मारुतीमुळे. फार तर संत्र्यांमुळे. या गावांचा समुद्राशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. जाम नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळते, हे खरे. पण पाणी पूर्वेच्या समुद्राला जात असले तरी माल पश्चिमेच्या समुद्राकडे जातो, आणि गावाचे नशीब बहुधा या दुसऱ्या वाटेवर ठरते.

भूगोल हा काही माझा प्रांत नव्हे. मी गाणे शिकवतो. परंतु दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे एक गोष्ट लहानपणीच कळली. आश्रय जिकडे सरकतो तिकडे गाण्याचे बिऱ्हाड हलते. गावांचेही असेच असावे, असे मला वाटे. पुढे मीरा कोसंबी यांचे मुंबईच्या वाढीवरील संशोधन वाचनात आले आणि त्या समजुतीला आधार मिळाला. १९८८ साली त्यांनी जॉन ब्रश यांच्यासह मुंबई, मद्रास व कलकत्ता या तीन बंदरांच्या नगररचनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी पाण्याकाठी किल्ला, मग मोकळे मैदान सोडून देशी वस्ती, आणि गोऱ्यांचे बंगले निराळे, अशी ती मांडणी होती. शहराने कसे पसरावे याची पहिली रेघ समुद्राच्या व्यापाराने ओढली होती.

ती रेघ किनाऱ्यावर थांबली नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात विलायतेतील गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची ओढ लागली. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपुरास पोचली. पुढे १९२० च्या दशकात इटारसी-नागपूर मार्ग झाला आणि पांढुर्णे हमरस्त्यावरचे स्टेशन बनले. सौंसरच्या वाट्याला मात्र छिंदवाडा-नागपूर ही अरुंद रुळांची छोटी गाडी आली. तिचा माल नागपुरास उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा भरावा लागे. रुळांमधले हे अंतर म्हणजे काही वितींचा फरक. पण शेजारशेजारच्या दोन गावांच्या चालीत त्याने किती तफावत पाडली असेल याचा वाचकांनी विचार करावा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मराठी बोलणारा हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. गावे भोपाळकडे पाहू लागली, पण माल नागपूरकडेच जात राहिला. २०१५ साली छोटी गाडी बंद झाली आणि त्या मार्गावर रुंद रूळ आले. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा एक झाला, परंतु रेल्वे दोन आहेत. पांढुर्णे मध्य रेल्वेकडे, तर सौंसर दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेकडे. एका गावाहून दुसऱ्या गावी रेल्वेने जायचे तर नागपूरचा वळसा पडतो.

यात समुद्र कोठे आला, असे कोणी विचारील. सौंसरजवळ बोरगावला रेमंडचा लोकरी कापडाचा कारखाना आहे. या धंद्याची उत्तम लोकर ऑस्ट्रेलियाहून जहाजाने येते. आता ७ ऑगस्ट २०१० ची हकिगत पाहा. मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले. मुंबई बंदर आणि १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा या दोहोंची जहाजे त्याच पाण्यातून ये-जा करीत. त्यामुळे काही दिवस दोन्हींची वाहतूक ठप्प झाली. किनाऱ्यावर असा खोळंबा झाला की मालाची रांग थेट देशाच्या पोटात लागते.

जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरास मंजुरी दिली. खर्च ७६ हजार कोटींहून अधिक. तेथील कोळी बांधवांना मासेमारीच्या पाण्याची चिंता आहे, आणि ती रास्त आहे. या बंदरासंबंधीच्या चर्चेत जहाजांच्या वाटा, पाण्याची खोली, धक्क्यांची लांबी हे सारे येते. ज्या गावांचा माल तेथे जायचा त्यांचे नाव क्वचितच निघते. उलट गावांचे विकास आराखडे नगरपालिकेच्या हद्दीवर संपतात.

नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी आता कचेऱ्या येतील, वसाहती उठतील, जमिनीला भाव चढेल. सर्वांत आधी विकल्या जातील त्या सडकेकाठच्या संत्र्याच्या बागा. संत्र्याचे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात. प्लॉट पाडायला एक पावसाळाही लागत नाही. शिवाय हे फळ नाजूक, सैल सालीचे. ते दूरच्या बाजारी धाडायचे तर शीतगृह हवे, प्रतवारीची सोय हवी, आणि ती मालधक्क्याला लागून हवी. स्टेशनाभोवतीची जागा एकदा दुकानांनी व घरांनी भरली, की मग शीतगृह गावाबाहेर कोठेतरी उभे राहते आणि ट्रकचे भाडे बागाइतदाराच्या माथी बसते.

म्हणून आराखड्याचे कागद पक्के होण्याआधी पांढुर्णे-सौंसरच्या मंडळींनी दोन मागण्या कराव्यात. दोन्ही स्टेशनांलगत मालासाठी जागा राखून ठेवावी आणि बागाइती जमीन वस्तीखाली जाऊ देऊ नये. बंदर शेकडो किलोमीटर दूर आहे, हे खरे. पण त्याची सोय-गैरसोय येथल्या बांधापर्यंत पोचल्याशिवाय राहत नाही.