निर्वासितांचे फोटो पाहताना : पिंपरी कॅम्प ते देहूरोड

२० जून हा जागतिक निर्वासित दिन. यंदा त्या निमित्ताने आम्ही आमच्या वस्तीतील विहाराच्या सभागृहात दोन दिवस एक छोटे छायाचित्र प्रदर्शन लावले. फार मोठे काही नव्हते. पुस्तकांतून आणि वृत्तसंस्थांच्या संग्रहांतून निवडलेले बावीस फोटो, ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडून साध्या कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवलेले. युद्ध, फाळणी आणि लष्करी कारवाया यांमुळे घरदार सोडावे लागलेल्या माणसांचे. बघायला शाळेतली मुले आली, चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर काम करणारे तरुण आले, पिंपरी कॅम्पातले दोन-तीन वयस्कर सिंधी गृहस्थही आले. आणि त्यातल्या एका फोटोवरून आमच्यातच वाद झाला. तो वाद काय होता आणि असे फोटो बघताना नेमके काय बघायचे, हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

आधी शब्दाचा गोंधळ दूर करू. परभणीकडून चाकणला आलेल्या एका तरुणाने पहिल्याच दिवशी विचारले, "आम्हीपण गाव सोडून आलोय. खोली भाड्याची, रेशनकार्ड गावचं, कंपनीत नाव ठेकेदाराचं. मग आम्ही कोण?" प्रश्न रास्त आहे. पोटासाठी गाव सोडणारा तो स्थलांतरित. त्याचे हाल असतात, पण परत जायचे ठरवले तर गाव जागेवर असते. ज्याला बळजबरीने घर सोडावे लागते पण जो आपल्याच देशात राहतो, तो विस्थापित. आपल्या खेड तालुक्यातले भामा-आसखेडचे धरणग्रस्त विस्थापित आहेत, युद्ध न होताही. आणि जिवाच्या भीतीने जो देशाची हद्द ओलांडतो तो निर्वासित. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात या भीतीची पाच कारणे दिली आहेत : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. गंमत म्हणजे त्यात 'युद्ध' हा शब्द कारण म्हणून नाही. भारताने या करारावर आजतागायत सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसे अशी बळजबरीने उखडलेली होती. त्यातली निम्म्याहून जास्त आपल्याच देशात विस्थापित आहेत. म्हणजे बातमीत दिसतो तो सीमेवरचा लोंढा हा या दुःखाचा लहान भाग झाला.

आता आपल्या शहराकडे येऊ. पिंपरी-चिंचवडला आपण कामगारनगरी म्हणतो आणि सुरुवात बहुधा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून करतो. तो कारखाना १९५४ चा. त्याच्या आधी इथे निर्वासितांची वसाहत होती. फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी १९४८ मधल्या कराचीतील दंगलीनंतर, सिंधी हिंदू बोटींनी आणि रेल्वेने मोठ्या संख्येने मुंबई इलाख्यात आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे पुढे उल्हासनगर झाले, तशीच एक वसाहत पिंपरी स्टेशनजवळ उभी राहिली. आज तिथे कपडे, भांडी, मोबाईलची दुकाने आहेत, दिवाळीत पाय ठेवायला जागा नसते. पण बाजाराचे नाव अजून 'कॅम्प'च आहे. नव्या पिढीतल्या किती जणांना माहीत आहे की तो शब्द छावणीचा आहे?

या छावणीचा फोटो प्रदर्शनात असावा अशी आमची फार इच्छा होती. आम्हाला एकही मिळाला नाही. कॅम्पातल्या एका आजोबांना विचारले तेव्हा ते हसले. वडिलांच्या कडेवर बसून ते कराचीहून बोटीने आले होते. म्हणाले, "पेटी आणता आली नाही, कॅमेरा कुठून आणणार? फोटो काढायला कोणीतरी यावं लागतं ना. आमच्याकडे कोण आलं?"

फाळणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे फोटो येतात ते बहुतेक पंजाबचे. बैलगाड्यांचे तांडे, म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतलेला मुलगा, माणसांनी लगडलेली आगगाडी. त्यातले सर्वांत गाजलेले फोटो मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४७ मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकासाठी काढले. गांधीजींचा चरख्यासोबतचा प्रसिद्ध फोटोही त्यांचाच. त्यांच्यासोबत असलेल्या 'लाइफ'च्याच बातमीदार ली आयटिंगन यांनी पुढे एक गोष्ट सांगितली. हवा तसा फोटो मिळावा म्हणून बर्क-व्हाइट थकून गेलेल्या निर्वासितांना मागे जाऊन पुन्हा चालत यायला सांगत. पुन्हा पुन्हा. घाबरलेली माणसे नाही म्हणू शकत नव्हती.

ही गोष्ट आम्ही फोटोखाली लिहिली होती. काही जणांना ती खटकली. मग तो फोटो खोटा का? तसे म्हणता येणार नाही. ती माणसे खरोखरच निर्वासित होती, मरणाच्या दारातून चालली होती. पण फोटोत दिसणारी प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी हुकमाने तिथे आली असू शकते, हे धरून चालावे. फोटोतल्या माणसाचे नाव आहे का? त्याला विचारले होते का? ज्याच्याकडे कॅमेरा आहे आणि ज्याच्याकडे काहीच नाही, त्यांच्यातला व्यवहार बरोबरीचा नसतो.

याच्या उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे हद्दपार केलेले पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यांच्यापैकी सुमारे पाच हजार जण कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुले. त्यांनी शाळा चालवल्या, नाटके केली, स्काउटची पथके काढली आणि या सगळ्याचे फोटो जपून ठेवले. वळिवड्याच्या फोटोंत माणसे हसताना दिसतात. त्यांचे दुःख कमी होते असे नाही. तो त्यांनी स्वतःचा, स्वतःसाठी ठेवलेला संग्रह आहे. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले, आज त्या गावाला गांधीनगर म्हणतात. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांचे फोटो मात्र शोधावे लागतात.

इथे आपल्या समाजाने एक प्रश्न विचारला पाहिजे. फाळणीच्या फोटोंत आपले लोक कुठे आहेत? पाकिस्तानात गेलेल्या भागातही अस्पृश्य समाज होता. कराचीतल्या सफाई कामगारांना तर निघूच दिले जात नव्हते, कारण त्यांचे काम 'अत्यावश्यक सेवा' ठरवण्यात आले. भारताचे पाकिस्तानातले पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे की, हे लोक गेले तर कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करणार, असा सवाल खुद्द पंतप्रधान लियाकत अली खान यांनी त्यांना केला होता. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये निवेदन काढून पाकिस्तानातल्या अनुसूचित जातींना मिळेल त्या मार्गाने भारतात या असे सांगितले. डिसेंबरमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तान आपल्या लोकांना अडवून धरते, ही त्यातली एक तक्रार. दुसरी जास्त झोंबणारी आहे : जे कसेबसे भारतात पोचले त्यांना इथल्या मदत छावण्यांतही भेदभाव सहन करावा लागतो, म्हणून ते छावणीत राहत नाहीत, आणि छावणीत नाहीत म्हणून मदतही मिळत नाही.

म्हणजे तिकडे जातीमुळे बाहेर पडता येईना आणि इकडे जातीमुळे आत येता येईना. जो छावणीतच नव्हता त्याचा छावणीतला फोटो कसा निघणार? कराचीच्या त्या सफाई कामगारांचा एकही फोटो आम्हाला मिळाला नाही. मग आम्ही तिथे एक कोरा पुठ्ठा लावला आणि खाली या पत्राची हकिगत लिहिली. प्रदर्शनात सर्वांत जास्त वेळ लोक त्या कोऱ्या पुठ्ठ्यापुढेच थांबले, हे आम्हालाही अनपेक्षित होते.

ही गोष्ट १९४७ मध्ये संपली नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेले नमोशूद्र निर्वासित दंडकारण्य योजनेत पाठवले गेले. त्यांची गावे आज गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शी भागात आहेत. १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेत निवडून पाठवण्यासाठी झटलेल्या जोगेंद्रनाथ मंडल यांचा हा समाज. पश्चिम बंगालमध्ये तो अनुसूचित जातीत मोडतो, महाराष्ट्रात नाही. आपल्या किती मोर्चांत ही मागणी असते?

आता वादाचा फोटो. २०१७ मध्ये म्यानमारच्या राखाइन प्रांतातून बांगलादेशात पळून आलेल्या रोहिंग्यांचा. समुद्रातून होडीने आलेली, गलितगात्र झालेली एक बाई किनाऱ्यावर वाकून वाळूला हात लावते आहे. फोटो रॉयटर्सचे भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दीकी यांचा. रोहिंग्यांवरील कामासाठी रॉयटर्सच्या चमूला २०१८ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. सिद्दीकी जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात युद्धाचे वार्तांकन करताना मारले गेले.

एक ज्येष्ठ उपासक, ज्यांनी विहाराच्या बांधकामात आयुष्य घातले आहे, तो फोटो बघून नाराज झाले. "विहारात हे कशाला? बुद्धाच्या देशाची बदनामी आपणच करायची का?" दुसऱ्या एका कार्यकर्त्याची अडचण वेगळी होती. २०२४ मध्ये देहूरोड भागात राहणाऱ्या काही रोहिंग्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आल्या होत्या. "उद्या कोणी विचारलं, तुम्ही घुसखोरांच्या बाजूचे का, तर काय सांगायचं?" या दोघांना आम्ही मूर्खात काढणार नाही. वस्तीत राहून काम करणाऱ्याला अशी भीती असतेच.

पण देहूरोडचा विषय निघालाच आहे तर पूर्ण बोलू. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ती मूर्ती रंगूनहून आणलेली. दरवर्षी २५ डिसेंबरला आपण हजारोंनी तिथे जातो. ज्या देशाने आपल्याला ती मूर्ती दिली, त्याच देशाच्या लष्कराने ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त माणसांना हद्दीबाहेर पळायला लावले. त्याआधी रोहिंग्या सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले होते, हेही खरे. पण चौकीवरच्या हल्ल्यासाठी गावेच्या गावे जाळायची, याला शिक्षा म्हणत नाहीत. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने तर या लोकांना आधीच कागदावरून पुसले होते.

यात धम्म कुठे आहे? म्यानमारमध्ये द्वेषाची भाषणे देणारे विराथूसारखे भिक्खू आहेत. त्याच देशात २००७ मध्ये लष्करशाहीविरुद्ध हजारो भिक्खू रस्त्यावर उतरले होते. आणि २०२१ च्या सत्तापालटानंतर तेच लष्कर सगाइंगसारख्या बौद्ध बहुसंख्य भागावर बॉम्ब टाकते आहे. देशांतर्गत विस्थापितांची संख्या ३० लाखांच्या पुढे गेली आहे, त्यात बौद्धही मोठ्या संख्येने आहेत. बदनामी होतच असेल तर ती लष्कराने आणि त्याला आशीर्वाद देणाऱ्यांनी केली आहे. वाळूला हात लावणाऱ्या बाईने केलेली नाही.

कायद्याचेही सांगितले पाहिजे, कारण कार्यकर्त्यांना तेच विचारले जाते. अरुणाचलमधले चकमा निर्वासित बौद्ध आहेत. त्यांना हुसकावण्याच्या धमक्या आल्या तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की अनुच्छेद २१ मधला जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. आज रोहिंग्यांची बाजू मांडणारे वकील ज्या निकालाचा आधार घेतात तो बौद्ध निर्वासितांच्या खटल्यातला आहे. न्यायालयाने २०२१ मध्ये असेही म्हटले की परत न पाठवले जाण्याचा हक्क हा देशात कुठेही राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांना आहे. म्हणजे कायदा पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे असे आम्ही म्हणत नाही. बेकायदा कागदपत्रे केली असतील तर खटला चालवावा. पण पकडलेल्या माणसाला जीव आहे, एवढे म्हणायला सरकारची परवानगी लागत नाही.

तासभर चर्चा झाली. शेवटी फोटो दारासमोरून काढून आतल्या भिंतीवर लावायचा असे ठरले. आमच्यातल्या काहींना ही माघार वाटली. ते ज्येष्ठ उपासक दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्या फोटोखालची माहिती चष्मा लावून वाचत उभे होते. काही बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही.

दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांबद्दल एवढे लिहिल्यावर स्वतःचेही सांगायला हवे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चाकणहून नाशिक रस्त्याने चालत निघालेल्या मजुरांना आम्ही पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटे दिली. प्रत्येकाचा फोटो काढला, देणगीदारांना पाठवायचा म्हणून. पुडा हातात धरा, इकडे बघा, असे सांगून. त्यातल्या एकाचेही नाव आमच्याकडे नाही. ते फोटो आमच्या जुन्या फोनमध्ये आहेत, आणि प्रदर्शनात लावायचे की नाही यावर बोलणे झाले तेव्हा आम्ही ते लावले नाहीत.

पुढच्या वर्षी हे प्रदर्शन चाकणच्या कामगार वस्तीत न्यायचे आहे. त्यात पिंपरी कॅम्पचा एक स्वतंत्र भाग हवा. ज्यांच्या घरी छावणीच्या काळातला फोटो, रेशनकार्ड, बोटीचे किंवा रेल्वेचे तिकीट, काहीही असेल त्यांनी जवळच्या विहारातल्या कार्यकर्त्याला सांगावे. सिंधी शेजाऱ्यांनाही हा लेख वाचून दाखवावा. मूळ वस्तू आम्ही नेणार नाही. घरी येऊन तिथेच फोटो काढू, फोटोतल्या माणसांची नावे लिहून घेऊ, आणि खाली काय लिहायचे ते घरच्यांनाच विचारू.