दहांत एक

सिंगापूर, शुक्रवार

शुक्रवारी सकाळी वर्गाला निघण्याआधी मी मूठभर काळ्या मनुका पाण्यात भिजत घालतो. संध्याकाळी त्या कुस्करून गाळल्या की शब्बाथच्या किद्दुशसाठी, म्हणजे स्वागताच्या प्रार्थनेसाठी, सरबत तयार. अलिबागला हे काम आजीचं होतं. तिथल्या वाण्याची जागा इथे लिटल इंडियातल्या मुस्तफा सेंटरने घेतली आहे. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. गेल्या वर्षी पदव्युत्तर शिक्षणासाठी सिंगापूरला आलो. स्वच्छ रस्ते आणि कडक दंड यांसाठी हा देश आपल्याकडे ठाऊक आहे. मला तो उमगत गेला माझ्या शनिवारांतून, म्हणून तिथूनच सांगतो.

आमचा शब्बाथ, म्हणजे काम आणि वाहन वर्ज्य असलेला शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो. अलिबागला हिवाळ्यात सहाच्या सुमारास आणि पावसाळ्यात सव्वासातनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे आईच्या दिव्याची वेळ ऋतूप्रमाणे पुढेमागे व्हायची. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे. इथे वर्षभरात सूर्यास्त फार तर अर्ध्या तासाने हलतो. वेळापत्रकाची सवय असलेल्या या देशाला सूर्यही तसाच मिळाला आहे.

खोली मी जालान बेसार भागात घेतली, कारण शनिवारी वाहनात न बसता सिनेगॉगला चालत जाता यावं. सरकारी गृहनिर्माण मंडळाची इमारत आहे, खोली चौथ्या मजल्यावर आणि शनिवारी जिन्याने. या देशातले बहुसंख्य लोक अशाच इमारतींत राहतात. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय आणि इतर यांचं प्रमाण नियमाने ठरलेलं आहे. एकाच समाजाची वस्ती एका जागी साचू नये, हा त्यामागचा हेतू. माझी घरमालकीण मलय मुसलमान आहे. मी तिला मकचिक, म्हणजे मावशी, म्हणतो. माझ्या दाराच्या चौकटीला मझुझा, म्हणजे धर्मवचनाची डबी, लावू का, असं विचारलं तेव्हा तिने आत काय लिहिलेलं असतं एवढंच विचारलं. देव एकच आहे, असं लिहिलेलं असतं, म्हटल्यावर तिने स्वतःच खिळा शोधून दिला.

खरा प्रश्न जेवणाचा. इथले लोक हॉकर सेंटरमध्ये जेवतात. एका छपराखाली पन्नास-शंभर गाळे, मध्ये टेबलं. चिनी, मलय, तमिळ सगळं शेजारी शेजारी. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला आपल्या वारसायादीत घेतलं. पण आम्हाला डुक्कर वर्ज्य, आणि खवले व पर नसलेलं समुद्रातलं काहीही वर्ज्य. म्हणजे कोळंबी, खेकडा, शिंपल्या बाद. आणि मलय स्वयंपाकाचा प्राण असलेलं बलाचान हे वाटण कोळंबीचंच. साध्या पालेभाजीतही ते असतं. हलाल मटण आमच्या कोशर नियमात बसत नाही. म्हणून बाहेर मी शाकाहारी गाळ्यावर जेवतो, सकाळी काया, म्हणजे नारळ-अंड्याचा जॅम, लावलेला टोस्ट खातो आणि घरी बांगडा किंवा पापलेट शिजवतो. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या रश्शात नारळाचं दूध घालत आल्या. मलय घरातही तेच. मकचिकने माझ्यासाठी बलाचान न घालता मिरचीचं वाटण करायला सुरुवात केली आहे, वेगळ्या वाटीत.

शनिवारी सकाळी वीस मिनिटं चालायची वाट जुन्या ज्यू वस्तीतून जाते. तिला इथे ‘महल्ला’ म्हणत, आपल्या मोहल्ल्याचाच तो मूळ अरबी शब्द. सेलेगी रस्त्यावरच्या १९२४ च्या एलिसन बिल्डिंगवर अजून षट्कोनी तारा दिसतो. या वस्तीतले लोक बगदादी ज्यू. अनेक जण कलकत्ता आणि मुंबईमार्गे इथे आले. १८३० च्या जनगणनेत त्यांची संख्या नऊ होती, दुसऱ्या महायुद्धाआधी ती दीड हजारांच्या घरात गेली. जपानी अंमलात १९४३ मध्ये त्यांना छावण्यांत कोंडलं गेलं, आणि युद्धानंतर बरेच जण देश सोडून गेले. तरी १९५५ मध्ये सिंगापूरचा पहिला मुख्यमंत्री झाला तो याच समाजातला वकील, डेव्हिड मार्शल.

वॉटर्लू स्ट्रीटवरचं सिनेगॉग १८७८ चं, आग्नेय आशियातल्या टिकून असलेल्या सिनेगॉगांमध्ये सर्वांत जुनं. पहिल्यांदा गेलो तेव्हा पाटी वाचून थबकलो. नाव होतं मागेन अबोथ, म्हणजे पूर्वजांची ढाल. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या आमच्या सिनेगॉगचं नावही हेच. ते १८४८ साली उभं राहिलं आणि १९१० मध्ये नव्याने बांधलं गेलं. दोन्हीकडे प्रार्थनेची पद्धत सेफार्डी, त्यामुळे पोथीत मी कुठे चुकलो नाही. चाली तेवढ्या वेगळ्या.

सार्वजनिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. दहा भरले नाहीत तर तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी बाहेर काढता येत नाही. अलिबागला लहानपणी मी हे दहा भरण्याची वाट पाहत बसलेलो आहे. बाबा दाराकडे नजर लावून असायचे. इथे परदेशांतून नोकरीला आलेले धरून ज्यू अडीच हजारांच्या आसपास आहेत. शनिवारी दहा सहज भरतात. प्रार्थनेनंतर जेवण असतं आणि नवख्या विद्यार्थ्याला कोणी उपाशी परत जाऊ देत नाही.

पण दहाचा दुसरा अर्थ मला इथे कळला. १९४९ पासून इथे आंतरधर्मीय संघटना आहे. तिच्यात दहा धर्म आहेत: हिंदू, ज्यू, पारशी, बौद्ध, ताओ, जैन, ख्रिस्ती, इस्लाम, शीख आणि बहाई. सरकारी समारंभात या दहांचे प्रतिनिधी एका रांगेत उभे राहून आपापली प्रार्थना म्हणतात. अडीच हजारांना तिथे लाखोंच्या समाजाइतकीच जागा मिळते. सरकारी सुट्ट्यांत मात्र आमचा एकही सण नाही. ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे योम किप्पूर, आला की मी अर्ज करतो.

या सुव्यवस्थेची किंमतही असते. धार्मिक सलोखा राखण्यासाठी १९९० चा कायदा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गृहखात्याने बजावलं की इस्रायल-हमास युद्धाशी संबंधित परदेशी राष्ट्रचिन्हं परवान्याशिवाय चारचौघांत मिरवणं हा गुन्हा आहे. २०२१ मध्ये याच सिनेगॉगबाहेर चाकूहल्ला करण्याचा बेत असलेल्या वीस वर्षांच्या तरुणाला खटल्याशिवाय स्थानबद्ध केलं गेलं. दारात सुरक्षारक्षक ओळखपत्र तपासतो तेव्हा मला २००८ मधला मुंबईच्या नरिमन हाऊसवरचा हल्ला आठवतो, आणि त्या तपासणीचा राग येत नाही. पण माणसाला खटल्याविना डांबणं मला पटत नाही, माझ्या रक्षणासाठी केलं तरीही.

कोकणात आम्हाला असा कायदा कधी लागला नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावाने आम्हाला ‘शनवार तेली’ हे नाव दिलं. आमचा शब्बाथ शेजाऱ्यांच्या जिभेवर नोंदला गेला, आणि त्या नोंदीवर आम्ही शतकानुशतकं निर्धास्त राहिलो. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये, बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेल्यावर. सिंगापूरने आम्हाला आधी यादीत घेतलं आणि मग शेजार घडवला. कोकणाने शेजार दिला, यादी फार उशिरा केली. लहान समाजाला दोन्ही लागतं. पण एकच मिळणार असेल तर मी मकचिकची ती वेगळी वाटी मागेन.

म्हणून एक विनंती. कुलाबा किल्ला पाहायला अलिबागला जाल तेव्हा इस्रायल आळीतही जा, मुलांना घेऊन. सिनेगॉगच्या दारावरचं नाव त्यांना वाचून दाखवा आणि सांगा की हे आपलेच लोक. तिथे दहा भरवणं आता आमच्या हातात उरलेलं नाही. आठवण ठेवणं तुमच्या हातात आहे.