शरणपूर : मिशनभोवती वसलेले गाव

मठाभोवती गाव वसावे ही गोष्ट ख्रिस्ती इतिहासास नवी नाही. नेदरलँड्समधील टेर आपेल हे गाव १४६५ साली स्थापन झालेल्या मठाच्या आश्रयाने वाढले. आमच्या अफझलगंजसारखी पेठ धान्यबाजारामुळे वाढते. तेथे व्यापारी आपल्या पायांनी येतो. मिशनच्या गावी येणारा बहुधा निराश्रित असतो. हा भेद मनात ठेवूनच नाशिकच्या शरणपुराकडे पाहिले पाहिजे.

चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. डब्ल्यू. एस. प्राइस यांनी १८५४ मध्ये नाशिकजवळ हे गाव वसविले. गणना ३५ आणि यहोशवा २० या अध्यायांतील शरणपुरांचा वाचकांस परिचय आहेच. नाव त्याच अर्थाचे. बाप्तिस्मा घेताच घरादारास व उपजीविकेस मुकलेल्यांना येथे निवारा मिळे. त्यांना सुतारकाम, लोहारकाम शिकविले जाई. पुढे अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुलेही येथे आली. ती मराठी मुलांच्या शेजारी बसून शिकली.

या मुलांचे पुढे काय झाले, हे आपल्या मंडळ्यांत फारसे सांगितले जात नाही. १८६५ मध्ये डॉ. लिव्हिंगस्टन यांनी नाशिकचे नऊ तरुण आपल्या शेवटच्या प्रवासासाठी निवडले. नाशिकचाच जेकब वेनराइट १८७२ मध्ये त्यांस जाऊन मिळाला. १ मे १८७३ रोजी डॉक्टर निवर्तले, तेव्हा त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना दफनविधी वाचला तो जेकबने. झाडावर अक्षरेही त्यानेच कोरली. वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये १८ एप्रिल १८७४ रोजी शवपेटीसोबत चालणाऱ्यांत तो होता.

त्याच वर्षी प्राइससाहेब मोंबासास गेले व तेथे त्यांनी फ्रीअरटाउन वसविले. शरणपुरात शिकलेले बहुतेक आफ्रिकी तिकडे गेले. येथे आमच्या मते एक अवघड प्रश्न उरतो. निवारा देणाऱ्याच्याच हाती जमीन, शाळा व उपासनामंदिर असेल, तर आश्रित मोकळा कधी होतो? शरणपुराने पुष्कळांस वाचविले, हे निर्विवाद. पण गावकऱ्यांचा शेजार तुटून त्यांची दृष्टी मिशनच्या बंगल्याकडे वळली, हेही तितकेच खरे. मोंबासातही तोच साचा नेला गेला.

तरीही नाशिकला शिकलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर यांस १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी डीकनपदाची दीक्षा दिली. पूर्व आफ्रिकेतील मंडळीच्या आरंभीच्या देशी सेवकांपैकी ते होत. नाशकात मात्र शरणपूर रोड हे नाव रोज शेकडोंच्या तोंडी असते, आणि ते कोणाच्या शरण येण्यावरून पडले हे विचारणारा क्वचित भेटतो.