चौथा नंबर, पाच वर्षांनी ब्राँझ

आज बोलूया युक्रेनच्या आन्ना रिझिकोव्हाबद्दल. तिची मेन इव्हेंट ४०० मीटर हर्डल्स. म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण फेरी आणि वाटेत १० अडथळे. पहिला ४५ मीटरवर, मग दर ३५ मीटरला एक, शेवटी ४० मीटर मोकळे. पावलांचा हिशेब एकदा चुकला, की लय गेलीच.

पण तिचं ऑलिम्पिक मेडल हर्डल्सचं नाहीये, रिलेचं आहे. लंडन २०१२, ४ बाय ४०० मीटर. तेव्हा ती यारोश्चुक आडनावाने धावायची. युक्रेनच्या चौघी चौथ्या आल्या आणि रिकाम्या हाताने परतल्या.

आता पुढचं ऐका. ऑलिम्पिकमधली डोपिंगची सॅम्पल्स फेकून देत नाहीत, बॅकअपसारखी वर्षानुवर्षं जपतात. नवीन टेस्ट आली की पुन्हा तपासतात. अशाच तपासणीत दुसऱ्या आलेल्या रशियन टीममधली आन्तोनिना क्रिवोशाप्का सापडली. रिलेमध्ये एक बाद म्हणजे अख्खी टीम बाद. २०१७ मध्ये रशियाचं सिल्व्हर गेलं, जमैका दुसरी झाली, युक्रेन तिसरी.

न्याय मिळाला, पण त्या रात्रीचा पोडियम कोण परत देणार?

रिझिकोव्हा मात्र धावत राहिली. २०१८ ला बर्लिनच्या युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये हर्डल्सचं सिल्व्हर. २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये पाचवी. आणि २०२२ ला, देशात युद्ध पेटलेलं असताना, म्युनिकच्या युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ. या वेळी मेडलसाठी पाच वर्षं थांबावं लागलं नाही.