जुन्या गाडीचं कर्ज, करारातली चूक

भोर-वेल्ह्याकडे जुनी गाडी बहुधा पुण्यातल्या एजंटामार्फत येते. सह्या घाईत होतात आणि करार नंतर कधीतरी हातात पडतो. तो पडला की आधी चेसिस नंबर पाहा. करार, आरसी आणि विमा शेजारी ठेवून सतराच्या सतरा अक्षरं ताडा. या नंबरात सहसा इंग्रजी ओ, आय, क्यू नसतात; ओ दिसला तर तिथे शून्य हवं होतं.

मग रक्कम. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी किरकोळ कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. व्याज, प्रोसेसिंग फी, गळ्यात मारलेला विमा, सगळं त्यात दिसतं.

चूक सापडली तर फोनवर हुज्जत घालू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. मदतीचा क्रमांक 14448. कर्ज पतसंस्थेचं असेल, तर मात्र दार वेगळं: सहकार खात्याचे सहायक निबंधक.

तोवर हप्ता थांबवू नका. थकलात, तर तक्रार खरी असूनही सिबिल बिघडेल.